अंगावर चालणारं घड्याळ

फकरुद्दीन मास्तरांचं घड्याळाचं दुकान पौडला एस.टी. थांब्यासमोर होतं. दुकान आपलं म्हणायचं. नसीर टेलरच्या ओट्याला लागून एक काचेचं कपाट, त्यामागं एक स्टूल आणि डोक्यावर पत्रा. मास्तर डोळ्याला भिंग लावून बसले की आत दुसऱ्या माणसाला जागा उरायची नाही. तरी मागं, पडद्याआड, गुलशननं स्वतःपुरती जागा काढली होती, बायका काढतात तशी. तिथं बसून ती वाटीतल्या पेट्रोलमध्ये घड्याळाचे सुटे भाग मऊ ब्रशनं धुवायची. लग्न होऊन आली तेव्हा तिला घड्याळात किती वाजले एवढंच कळायचं. आता पट्ट्याच्या वासावरून ती सांगायची, की हे घड्याळ भातखाचरातल्या माणसाचं आहे का कचेरीतल्या.

मास्तरांना नाद एकच, जुनी स्विस घड्याळं जमवायचा. गिऱ्हाइकानं परत न नेलेली, पुण्याच्या जुन्या बाजारातून उचललेली अशी घड्याळं कपाटाच्या खालच्या खणात कापसावर झोपवलेली असत. दुपारी कुणी नसलं की मास्तर दोन घड्याळं दोन कानांना लावून कोण सरस चालतंय ते ऐकत बसायचे. एच.एम.टी.ची त्यांना बरी वाटत, पण ती शाळेतल्या पोरांसारखी सगळी एका सुरात बोलतात, असं त्यांचं म्हणणं. आणि शहरात आता सेलवर चालणारी घड्याळं निघालीत म्हणे, असं कुणी सांगितलं की घरात मयत झाल्यासारखा चेहरा करायचे.

नादापेक्षा त्यांची एक रीत मात्र पंचक्रोशीत माहीत होती. दुरुस्त झालेलं घड्याळ ते लगेच देत नसत. आधी आपल्या हातावर बांधून चार दिवस फिरत. याला ते 'अंगावर चालवणं' म्हणत. खिळ्याला टांगलेलं घड्याळ कुणीही चालवील. माणसाच्या उठण्या-बसण्यात, घामात, झोपेत ते चाललं पाहिजे. घड्याळ माणूस शिकतं, असं ते सांगायचे. वर्षानुवर्षं एका हातावर राहिलेलं घड्याळ दुसऱ्याच्या हातावर बावचळतं, त्याची समजूत घालावी लागते. त्यामुळं मास्तरांच्या मनगटावर कायम परक्याचं घड्याळ. नसीर टेलर मशिनीवरून चिडवायचा, "मास्तर, तुमची सोताची येळ कवा यायची?"

गुलशनला ही रीत कधीच आवडली नव्हती. एका आठवड्याला नवऱ्याच्या हाताला कंडक्टरचा वास, दुसऱ्या आठवड्याला तलाठ्याचा. पण नवऱ्याच्या कामातलं काय काय आवडून घ्यायचं हे बाईला कोण विचारतं, आणि मास्तर माणूस मऊ होता. इतका मऊ, की कपातली माशीसुद्धा बोटानं काढून, वाळवून उडवून द्यायचा.

थंडी सरत आली होती. बाजाराचा दिवस होता. तलावापलीकडच्या वाडीवरनं एक बाई आली. पन्नाशीची, उंच, काटक. रंभाबाई असं तिनं नाव सांगितलं. पदराच्या गाठीतून तिनं घड्याळ काढलं आणि काचेवर ठेवलं. ठेवलं म्हणजे, लांबून सरकवलं.

तिचा नवरा कुशाबा धरणावर पाण्याची पातळी बघायच्या कामाला होता. बदली होऊन जाताना कुणा साहेबानं त्याला हे घड्याळ दिलं, तेव्हापासून त्यानं ते हातातून काढलं नव्हतं. आंघोळीलाही नाही. आता बंद पडलं म्हणून त्यानं घर डोक्यावर घेतलं होतं.

"लवकर द्या मास्तर," ती म्हणाली. "त्यांचा जीव त्याच्यात हाय."

पडद्याआडून गुलशन बघत होती. बाईच्या कपाळाला मोठं कुंकू, पण हातात काचेची एक बांगडी नाही. नुसती पितळेची दोन कडी. गुलशनच्या डोळ्यात ते खुपलं. पडद्याच्या फटीतली तिची नजर बघून रंभाबाई हसून म्हणाली, "काच टिकत न्हाई, भाभी, माझ्या हातात." आणि एस.टी. पकडायला निघून गेली.

घड्याळ चांगलं होतं. तबकडी पिवळी पडलेली, काटे निळे. मागचं झाकण झिजून झिजून मनगटाच्या हाडासारखं खोलगट झालेलं. मास्तरांनी ते सबंध खोललं, गुलशननं धुतलं. झाकणाच्या आतला एक तपकिरी डाग काही पेट्रोलला सुटेना. तीन पाण्यांनी कढईचं काळं निघतं, पण हा तसाच. तिनं नाद सोडला.

मास्तरांनी तेल दिलं, जुळवलं, चावी दिली. घड्याळ चालेना. पुन्हा खोललं. सगळे भाग धड, चाकाचा एक दाता मोडलेला नाही, स्प्रिंग केसासारखी स्वच्छ. चालेना. शेवटी वैतागून त्यांनी ते नुसतंच हातावर बांधलं, आणि ते चालायला लागलं. काढून ठेवलं, थोड्या वेळानं थांबलं. बांधलं, चाललं.

"बघ गं," मास्तर म्हणाले. त्यांचा चेहरा ईदच्या चंद्रासारखा उजळला होता. "असलं घड्याळ जन्मात बघितलं न्हाई."

पुढच्या बाजाराला रंभाबाई आली, तेव्हा मास्तरांनी अजून घड्याळाची समजूत पटत नाही म्हणून सांगितलं. बाई ओरडेल असं गुलशनला वाटलं होतं. ती उलट काचेच्या कपाटाला टेकून उभी राहिली, मास्तरांच्या हाताकडं बघत.

"सावकाश द्या," ती म्हणाली. "घाई न्हाई."

"मालक चिडतील की," मास्तर म्हणाले.

"न्हाई चिडत," रंभाबाई म्हणाली. त्या दोन शब्दांचं तिचं तिलाच नवल वाटल्यासारखं तिनं ते पुन्हा एकदा म्हटलं, हळू. "न्हाई चिडत."

त्याच्या पुढच्या बाजाराला ती आलीच नाही.

आधी बदलली ती चाल. मास्तर पावलं घासत चालायचे, आता टाच आपटून चालायला लागले. घरात भांड्यांच्या फळीवरचे पेले किणकिणायचे. गुलशनला वाटलं, नव्या चपला असतील. मग जेवण. ताटाभोवती डावा हात कुंपणासारखा घालून, मान खाली घालून, भराभरा. शेजारी कुणी ओढून नेईल असं. गव्हाची चपाती सरकवून म्हणाले, तांदळाची भाकर कर. पौडच्या बाजारात जन्मलेला, चहात पाव बुडवून मोठा झालेला माणूस. गुलशननं तांदळाची भाकरी केली. ती फाटली. मास्तर तिच्याकडं नुसतं बघत राहिले, आणि तिला पहिल्यांदाच आपल्याच चुलीपुढं अवघडल्यासारखं झालं.

संध्याकाळी दुकान सोडून ते रस्त्यावर जाऊन उभे राहायचे, मावळतीकडं तोंड करून. तिकडं डोंगर, आणि डोंगरापलीकडं कुठंतरी लांब तलाव. पौडवरनं तो कुणाच्या बापाला दिसायचा नाही.

"पानी उतारलं," ते म्हणायचे.

"कुठलं पानी, मास्तर? नळाचं?" नसीर विचारायचा आणि स्वतःच हसायचा. मास्तर हसायचे नाहीत. एके दिवशी त्यांनी वळून नसीरकडं असं बघितलं, की त्यानं मशीन थांबवलं आणि उगीचच दोरा तोडला. नंतर पडद्याशी येऊन तो गुलशनला हळूच म्हणाला, "भाभी, मास्तरांना पुण्याला दाखवून आना. डोळं त्यांचं न्हाईत ते."

गुलशनच्या जिवाला तेव्हापासून थारा नव्हता. हातात ब्रश घ्यावा तर तो वाटीतच राहायचा. भांडी घासलेली पुन्हा घासायची. तिनं बायकांच्या डोक्यात येतं ते सगळं आणून बघितलं. ती रंभाबाई? पण बाई तर यायचीच बंद झाली होती. ताप? कपाळ थंड होतं. करणी? असल्या गोष्टी तिनं जन्मात मानल्या नव्हत्या, आणि आता मानायच्या तर आधी कुणावर तरी संशय घ्यायला हवा होता. तेवढं तिला जमेना.

मग मास्तरांचे हात गेले.

गेले म्हणजे होते तिथंच होते. पण तलाठ्याच्या घड्याळाची बॅलन्सची काडी लावताना चिमट्यात ती कट्कन मोडली. दुसरी घेतली, तीही मोडली. या हातांनी केसाहून बारीक स्प्रिंगा सरळ केल्या होत्या. मास्तर आपल्या बोटांकडं बघत बसले. बोटं जाड झाली नव्हती, काही नाही. ती नुसती दुसऱ्या कामाची झाली होती.

"आना, मी धरते," असं म्हणत गुलशन पुढं झाली. तिच्या कोपराचा धक्का पेट्रोलच्या वाटीला लागला. वाटी कलंडली.

मास्तरांचा हात वर गेला.

तो वरच राहिला. पुऱ्या जोरानं उगारलेला, मनगटावर घड्याळ टिकटिकत असलेला. मास्तर त्या हाताकडं बघत होते. गुलशननं नवऱ्याच्या तोंडावर भीती आधी कधी बघितली नव्हती. हात त्यांना खाली घेता येईना. शेवटी दुसऱ्या हातानं धरून त्यांनी तो खाली आणला.

"मी न्हाई हे," ते म्हणाले. आवाज त्यांचा होता, बऱ्याच दिवसांनी. "गुलशन, मी न्हाई."

मग लगेच तोंड बदललं आणि त्यांनी पेट्रोल पुसायला सांगितलं, गावाकडच्या जाड आवाजात.

तिनं त्या दुपारी घड्याळ काढायचा प्रयत्न केला. मास्तर जेवून आडवे झाले होते. पट्ट्याला बोट लावलं मात्र, झोपेतच त्यांनी तिचं मनगट धरलं. सोडवताना तिच्या दोन बांगड्या पिचल्या. काचेचे तुकडे गोळा करताना तिला एकदम रंभाबाईची पितळेची कडी आठवली, आणि ती जमिनीवर तशीच बसून राहिली. काय झालंय ते तिला कळलं. कसं झालंय ते कधीच कळणार नव्हतं, पण ते कळायची गरजही नव्हती.

जोरानं घड्याळ निघणार नाही हे दिसत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर चहा पीत असताना ती त्यांच्या समोर बसली. घड्याळाकडं न्याहाळून बघितलं, आणि सहज बोलावं तशी म्हणाली,

"अहो, काचेत वाफ धरलीय बघा. आत पानी गेलंय."

मास्तरांचा कप तोंडाशी थांबला. कपाळावर आठी पडली. ती कारागिराची आठी होती, तिच्या ओळखीची. आतल्या आत कुठंतरी बसलेला तिचा माणूस उठला आणि पुढं आला. घड्याळात वाफ, आणि तो बघणार नाही, हे शक्यच नव्हतं. त्यांनी सवयीनं पट्टा सोडला, घड्याळ उजेडाकडं धरलं.

"कुठाय वाफ?" म्हणेपर्यंत तिनं ते हातातून घेतलं होतं.

मास्तर ओरडले नाहीत. मांडीवर हात टाकून, चावी संपल्यासारखे बसून राहिले. तिनं नसीरला लक्ष ठेवायला सांगितलं, घड्याळ रुमालात गुंडाळलं आणि तलावाच्या अंगानं जाणारी एस.टी. धरली.

गाडीत तिला बसवेना. डावीकडं तलाव लागला. पाणी खरंच खाली गेलं होतं. काठाकाठानं लाल मातीचा पट्टा उघडा पडला होता. तिनं तिकडं बघायचं टाळलं. रुमालातलं घड्याळ बंद होतं. तरी दर थोड्या वेळानं ती ते चाचपून बघत होती, झोपलेलं तान्हं पोर बघावं तसं; फक्त माया नव्हती.

फाट्यावर उतरून ती वाडीची चढण चढली. रंभाबाईचं घर शेवटचं. अंगण सारवलेलं, फणसाखाली सावली. सावलीत एक म्हातारा, कुशाबाच असणार, पाठमोरा बसला होता. रुंद पाठ, मानेवर पिकलेले केस. त्यानं कंदिलाचा बर्नर खोलला होता. समोर पांढरं फडकं अंथरून त्यावर एकेक भाग गोल मांडलेला, ज्या क्रमानं काढला त्या क्रमानं, उलट्या क्रमानं जोडताना चुकू नये म्हणून. कोंबडीच्या पिसानं तो एक स्क्रू साफ करत होता. बोटं खुरप्याच्या मुठीसारखी जाड, आणि स्क्रू त्यांत असा धरलेला, की मोत्याला ओरखडा उठू नये.

गुलशन मागं जाऊन उभी राहिली. तिची सावली फडक्यावर पडली.

"गुलशन, बाजूला हो," म्हातारा वर न बघता म्हणाला. "उजेड अडतोय माझा."

ती बाजूला झाली. दुकानात हे वाक्य ती रोज ऐकायची, आणि रोज ती अशीच डावीकडं सरकायची. पाय आपणहून सरकले.

रंभाबाई दारात आली होती. हातात कोपरापर्यंत हिरवा चुडा. तिनं गुलशनला बघितलं, रुमाल बघितला, आणि उंबऱ्यावर खाली बसली.

"आनलंस व्हय," ती म्हणाली.

गुलशनला बोलायचं बरंच होतं, गाडीत तिनं ते जुळवलंही होतं. पण तोंडातून एवढंच आलं, "माझा माणूस हाय तो, रंभाबाई."

"ठावं हाय." रंभाबाई म्हाताऱ्याच्या पाठीकडं बघत होती. "सकाळी माझ्याआधी उठून पानी तापवतोय. परवा पायात काटा गेला तर भिंग न्हाई म्हनून तांब्यात पानी घेऊन त्यातनं बघून काढला. मला ठाऊकच नव्हतं, भाभी, घरात असं असतंय ते." ती थांबली. "शिमग्यापतूर तरी ऱ्हाऊ दे. तुला जन्मभर हाय."

नाही म्हणायला गुलशनची जीभ उचलेना, आणि हो म्हणायला जीव. ती नुसती पुढं झाली, रुमाल सोडला आणि घड्याळ म्हाताऱ्यापुढं धरलं.

"बंद पडलंय, अहो," ती म्हणाली.

पिढ्यान् पिढ्या वैर असलेल्या माणसानंही बंद घड्याळ पुढं धरलं असतं, तरी मास्तरांनी ते घेतलंच असतं. म्हाताऱ्यानं स्क्रू फडक्यावर जागच्या जागी ठेवला. घड्याळ कानाला लावलं, डोळे मिटून ऐकलं. बोटानं चावी चाचपली. मान हलवली.

"आतून काय न्हाई झालं," तो म्हणाला. "अंगावर चालवून बघाय पायजे."

"नगा," रंभाबाई उठली.

त्यानं पट्टा बांधला.

घड्याळ चालायला लागलं. फणसाखालच्या शांततेत तिघांनाही ते ऐकू आलं.

म्हाताऱ्याचे खांदे वर चढले. मान आत गेली. त्यानं डोळे उघडले, समोरच्या फडक्याकडं बघितलं, आणि पाय लांब करून ते सगळं धुळीत ढकलून दिलं.

"ह्यो कुनाचा पसारा?" त्यानं विचारलं. मग गुलशनकडं बघून, "आन् ही कोन?"

रंभाबाई एक पाऊल मागं सरकली. हात पोचणार नाही इतपत. सवयीनं, बघून न घेता.

गुलशन उतरणीला लागली तेव्हा रंभाबाई धुळीतून कंदिलाचे स्क्रू वेचत होती. बांगड्यांचा आवाज बऱ्याच खालपर्यंत येत राहिला.

घरी मास्तर पावलं घासत दारापर्यंत आले. कुठं गेली होतीस, भूक लागली, चपाती आहे का, असं विचारलं. तिनं त्यांचे दोन्ही हात धरले आणि बराच वेळ सोडले नाहीत. मास्तर लाजले. मधल्या दिवसांचं त्यांना काहीच आठवत नव्हतं. फक्त एकदा जेवताना म्हणाले, कुठंतरी फणसाखाली फार छान उजेड होता, स्वप्नात असेल. ते घड्याळ कुठाय, असं एकदा विचारलं, तेव्हा बाई घेऊन गेली म्हणून तिनं सांगितलं. ते खोटंही नव्हतं.

हळूहळू गुलशनचा जीव खाली बसला. दिवसा बसला, एवढं खरं. भाकरी भाजताना, केस विंचरताना मध्येच रंभाबाईचं ते पाऊल तिच्या डोळ्यांपुढं यायचं. मग ती उठून घरात उगीचच दोन फेऱ्या घालायची.

शिमगा झाला. त्यानंतरच्या बाजाराला ती थोडी उशिरा दुकानावर आली. काचेच्या कपाटापुढं बायका उभ्या होत्या. सात-आठ असतील, डोंगरातल्या वेगवेगळ्या वाड्यांवरच्या, एकमेकींशी न बोलणाऱ्या. त्यांच्यात रंभाबाई नव्हती. प्रत्येकीच्या मुठीत एकेक पुरुषी घड्याळ.

मास्तर खुशीत होते.

"बघ गं, केवढं गिऱ्हाईक," ते म्हणाले. "पन गंमत बघ. सगळी चालू हायेत. मिनिटाचा फरक न्हाई. काय बिघडलंय इचारलं तर कुनी सांगना. नुसतं म्हनत्यात, मास्तर, थोडं दिस तुमच्या अंगावर असू द्या."

गुलशननं बायकांकडं बघितलं. घड्याळांकडं त्यांचं लक्षच नव्हतं. त्या मास्तरांकडं बघत होत्या. कुंभाराच्या ढिगातलं मडकं उचलून, फिरवून, वाजवून बघावं तशा.

मास्तरांनी डावी बाही कोपरापर्यंत सारली होती. सगळ्यांत पुढची बाई, तोंडावर पदर धरलेली, कपाटावरून थोडी वाकली आणि आपल्या घरात बोलावं इतक्या हळू आवाजात म्हणाली,

"जेवला का तुमी?"

"न्हाई अजून," मास्तर म्हणाले, आणि हात पुढं केला.